काकाजींच्या येझदीचं मडगाट

कुटाराच्या ढिगामागून गाडी ओढून काढली तेव्हा तिला सांगाडा होता, इंजिन होतं, दोन चाकं होती, हँडल होतं. अंगावर मात्र एक कपडा नव्हता. टाकी नाही, शीट नाही, पुढचं मडगार्ड नाही, मागचं नाही, बाजूचे डबे नाहीत. कोंबड्या हँडलवर झोपायच्या, खाली त्यांच्या पाण्याचं जर्मनचं पसरट भांडं, आणि वीस-बावीस वर्षांचा जो काही प्रसाद साचतो तो सगळा इंजिनाच्या फिन्समध्ये.

ही माझ्या काकाजींची येझदी रोडकिंग. मैसूरच्या आयडियल जावाने १९७८ मध्ये रोडकिंग बाजारात आणली, काकाजींची १९८२ ची. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, माती काळी आणि चिवट. मृगाचा पाऊस पडला की पांदणीतून फटफटी काढून दाखवावी. माती टायरला धरते, टायर ती मडगार्डखाली कोंबतो आणि दोनशे पावलांत चाक असं जाम होतं की गाडी ढकलतासुद्धा येत नाही. मग काडीने, पान्ह्याने, शेवटी बोटांनी माती कोरत बसायचं. मोटोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-मातीतल्या शर्यतीच्या, गाडीचं पुढचं मडगार्ड टायरपासून वीतभर वर का असतं, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

काकाजींनी आधी मडगार्ड काढूनच टाकलं. मग चिखल तोंडावर यायला लागला म्हणून उंच मडगार्ड लावलं. मग जवळच्या एका गावी शंकरपट आटोपल्यावर, बैलजोड्या सुटल्या की त्याच मैदानावर हौशी पोरं फटफट्या पळवायची, त्यात ते उतरले. १९८६ साली त्यांनी गाडी खऱ्या अर्थाने कापली. हेडलाइट गेला, त्या जागी लंबगोल नंबरपाटी आली. टाकी अरुंद झाली, मागचं मडगार्ड शीटमागे आखूड झालं, चेनकेस उडाली. त्या अवतारातला एकच फोटो घरात आहे. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा, मागे बॉलपेनाने ‘पट, ८७’. गाडी थोडी तिरपी उभी, पाटीवर १७, आणि काकाजी गाडीकडे न बघता फोटो काढणाऱ्यावर खेकसताहेत असा चेहरा.

इंजिनाचं फार सांगण्यासारखं नाही. अकोल्याला बोअर करून घेतला, पिस्टन, क्रँकची बेअरिंगं, ऑइल सील, मॅग्नेटो. तीन महिने लागले. पैसे आणि धीर असला की येझदीचं इंजिन उठतंच. किकचीच दांडी पुढे ढकलून गिअरची दांडी होते ती गंमत मुलाला दाखवली, त्याला दोन दिवस पुरली. खरी कहाणी अंगावरच्या कपड्यांची आहे, आणि तिची सुरुवात माझ्या मूर्खपणाने झाली.

मी एका दूरच्या विक्रेत्याकडून रोडकिंगचा ‘नवा ओरिजिनल संच’ मागवला. टाकी, दोन्ही मडगार्डं, बाजूचे डबे. साडेअकरा हजार मोजले. खोकं उघडलं तर सगळं चकचकीत, पण उचललं की हलकं. जुन्या पत्र्यावर टिचकी मारली की ठण्ण वाजतो, हा वाजला बिस्किटाच्या डब्यासारखा. टाकी सांगाड्यावर बसेना, भोकं एक सूत इकडे. दर्यापूरच्या चाचा मिस्त्रींनी एक मडगार्ड दोन बोटांनी वाकवून दाखवलं आणि काही न बोलता परत खोक्यात ठेवलं. पैसे परत मागायला फोन केला तर आधी उचलला, मग उचलला नाही.

त्याच सुमारास अमरावतीच्या एका दोस्ताने, जो स्वतः जावा सांभाळून आहे, मला एक प्रश्न विचारला. “तुले कोनत्या दिवसाची गाडी पाह्यजे?” मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, “शोरूममधून निघाली त्या दिवसाची, का पटावर पळली त्या दिवसाची? दोन वेगळ्या गाड्या हायेत ह्या.” तोवर मी ‘ओरिजिनल’ म्हणजे कंपनीचं एवढंच धरून चाललो होतो. या गाडीला कंपनीचे कपडे चार वर्षं होते, काकाजींचे पुढची बारा-तेरा. मी ‘पट, ८७’ धरायचं ठरवलं आणि तिथून काम अवघड झालं. कंपनीच्या भागांना निदान पार्ट नंबर असतो. गावच्या मिस्त्रीने आणि घरधन्याने मिळून केलेल्या भागांची यादी कुठे मिळणार?

तो फोटो मी अमरावतीला स्कॅन करून आणला आणि रोज रात्री मोबाइलवर मोठा करून पाहायला लागलो. नंबरपाटीचा रंग गडद, आकडा पांढरा. काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवा, लाल, काळा सगळे एकच. पण काकाजींच्या पेटीत इंग्रजी मासिकातलं कापलेलं एक पान सापडलं, चिखलातून उडणाऱ्या सीझेडचं. सीझेड म्हणजे चेकोस्लोव्हाकियातली, जावाच्याच भावकीतली गाडी. बेल्जियमच्या जोएल रोबेरने १९६४ मध्ये २५० सीसीचं जागतिक मोटोक्रॉस अजिंक्यपद तिच्यावरच जिंकलं, आणि पूर्व जर्मनीचा पॉल फ्रिडरिख्स १९६६ ते १९६८ सलग तीन वर्षं ५०० सीसीचा विजेता झाला तोही सीझेडवरच. काकाजींना ते माहीत होतं का, कुणास ठाऊक. मात्र त्या काळच्या जागतिक नियमांत पाटीचे रंग ठरलेले होते: ५०० ला पिवळी पाटी काळा आकडा, २५० ला हिरवी पाटी पांढरा आकडा, १२५ ला काळी पाटी पांढरा आकडा. आपली येझदी २५० ची. म्हणजे हिरवी असावी, असा माझा तर्क.

तर्काला पुरावा स्वयंपाकघरात मिळाला. काकूच्या तुरीच्या डाळीच्या पिप्यावर एक लंबगोल पत्रा झाकण म्हणून असायचा. पिपा चौकोनी, झाकण लंबगोल, त्यामुळे कोपरे उघडे राहायचे आणि वर वरवंटा ठेवावा लागायचा. लहानपणापासून पाहत आलो, कधी डोक्यात आलं नाही. एका सकाळी वरवंटा उचलला आणि पत्र्याला वरच्या अंगाला दोन भोकं दिसली. ८०० नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासत बसलो. आधी चांदी रंग निघाला, त्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर पांढऱ्या सातची आडवी रेघ.

“ते झाकन हाये डाळीचं,” काकू म्हणाली. “कायले खरडून राहिला?”

“काकू, हे काकाजींच्या गाडीचं आहे.”

“मंग आता डाळीवर काय ठेवू, गाडी?”

स्टीलचं ताट आणून दिलं. ते तिला पटलं नाही, पण तो विषय पुढे येईलच.

टाकीचा पत्ता चाचांनीच दिला. फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “ये टंकी तो मैंने चीरी थी.” मूळ टाकी मधोमध उभी चिरून दोन इंचांची पट्टी काढली होती आणि दोन्ही अर्ध्या जोडून पितळी झाळ मारली होती. चिरण्याआधी टाकीत पाणी भरून घेतलं होतं, हे त्यांनी तीनदा सांगितलं, कारण रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ज्योत लागली तर टाकीचा बॉम्ब होतो. तसं झालेल्या एका पोराची गोष्टही सांगितली. ती इथे नको. पुढे गाडी बंद पडल्यावर टाकी कुणी नेली? “पल्ल्याड गेली, इंजिनवर.”

पल्ल्याड म्हणजे नदीपलीकडच्या गावात, एका विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर. गेलो. इंजिनाच्या वर लाकडी फळीवर, लोखंडी पट्टीने आवळलेली, गंजून तांबूस झालेली टाकी. खालून हात फिरवला तर मधोमध पितळी झाळेचा फुगवटा बोटांना लागला. आत बॅटरी मारून पाहिलं आणि चकित झालो. बाहेर खारपाण्याने पत्रा खाल्लेला, आत मात्र डिझेलच्या तेलकट थराने सांभाळलेला, जवळजवळ स्वच्छ. पेट्रोलच्या गाडीवर राहिली असती आणि रिकामी पडली असती तर आत चाळणी झाली असती. पट्टीखाली चार बोटं मूळ रंगही वाचला होता, मरून.

मालक पैसे घेईनात. पण म्हणाले, लोडशेडिंगच्या दिवसांत इंजिन अजून चालवतो, त्याले काही तं लाव. मग त्या साडेअकरा हजारांच्या संचातली टाकी मी त्यांना नेऊन दिली. तिची भोकं तिथे कुठे जुळवायचीच नव्हती. आजही ती विहिरीवर चमकते आहे आणि येणारे-जाणारे तिची तारीफ करतात म्हणे.

झाळेत तीन ठिकाणी सुईएवढी भोकं होती. मी आतून लायनिंग करून घेणार होतो. चाचांनी अडवलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते काही जुन्या पद्धतीची लायनिंगं सोडवतं, पापुद्रे कार्बोरेटरमध्ये जातात. त्यापेक्षा पुन्हा झाळ. आधी टाकीत पाणी भरायचं, हे चौथ्यांदा ऐकून घेतलं. इथेनॉल ओल धरतं म्हणून गाडी ठेवायच्या आधी मी टाकी रिकामी करतो, थोडं टू-टी ऑइल आत खेळवतो.

मागचं मडगार्ड दूधवाल्याकडून आलं. रोडकिंगवर कॅना लादून दर्यापूरला जाणारे ते शेवटचे गृहस्थ असावेत. त्यांचं मडगार्ड कंपनीचं, जाड पत्र्याचं, पण कॅनाच्या स्टँडसाठी खालच्या टोकाला भोकं पाडलेली. मला खालचं टोक कापायचंच होतं. अदलाबदल झाली: संचातलं नवंकोरं त्यांना, जुनं मला. दोघंही आपण समोरच्याला फसवलं या आनंदात घरी गेलो. शीटचं काम एका दुपारचं, त्याबद्दल एवढंच की रेग्झिनची शिवण फोटोत आडवी आहे आणि कारागीर ती उभी घालायला निघाला होता.

राहिलं पुढचं मडगाट. चाचा मडगाटच म्हणतात, मीही आता म्हणतो.

आधी हल्लीच्या डर्ट बाइकचं प्लास्टिकचं मागवलं. बसलं छान. पण गाडी पाहिली की आजोबांना नातवाची टोपी घातल्यासारखी. बाहेरदेशी सत्तरच्या दशकात मोटोक्रॉसला प्लास्टिकची मडगार्डं रूढ झाली, त्याआधी अॅल्युमिनियमची किंवा फायबरची असायची. फायबरची दगड लागून तडकायची, प्लास्टिकचं वाकून परत येतं, म्हणून ते टिकलं. पण १९८७ मध्ये आमच्या गावात ते कुठून येणार होतं? काढून ठेवलं.

मग कूलर बनवणाऱ्याकडे गेलो. विदर्भात पत्र्याचं काम म्हटलं की पाय तिकडेच वळतात. त्याने गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं दोन तासांत करून दिलं. मेहनतीने केलं होतं, खोटं बोलणार नाही. पण दिसत होतं कूलरसारखं. फक्त वाळ्याची ताटी लावायची राहिली होती.

पुन्हा फोटो. मडगाटाची आपल्याकडची कड नेहमीपेक्षा जाड दिसायची आणि पृष्ठभागावर बारीक लाटा. मला वाटायचं, हात हलला असेल. पुढे भाचीच्या लग्नासाठी भांडी घ्यायला परतवाड्याला गेलो होतो. दुकानात मोठी परात उचलली आणि बोटं कडेखाली गेली. कड गोल, आत तार. पत्रा तारेवरून वळवून बंद केलेला. आणि परातीच्या अंगावर हातोडीचे मठारलेले ठसे, फोटोतल्यासारखेच. मी ती परात दुकानाच्या दारात उन्हात तिरपी धरून उभा राहिलो, मोबाइलमधला फोटो बाजूला. बहिणीने मला ओळख दाखवली नाही.

म्हणजे मडगाट भांडी घडवणाऱ्याने केलं होतं, अॅल्युमिनियमचं. माझा निष्कर्ष पक्का झाला. आमच्या बाजूला आता हाताने ठोकणारा कोणी सापडेना, सगळे विकणारे. मग भंडारा. पितळी भांड्यांचं गाव म्हणून त्याची जुनी ख्याती, तिथे कोणी तरी असेलच. दर्यापूरहून मूर्तिजापूरला पूर्वी शकुंतला जायची, नॅरोगेजची; ती बंद पडली, म्हणून बसने मूर्तिजापूर आणि तिथून रेल्वेने भंडारा रोड. निघताना काकूने विचारलं, “कायले चालला?” “गाडीच्या कामाले,” मी म्हटलं, आणि निघालो.

चौकशी करत एका सत्तरीच्या पुढच्या कारागिरांकडे पोचलो. अॅल्युमिनियम म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. पितळेपुढे त्यांना तो पोचट धातू वाटत होता. मी कागदाचा साचा नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, ज्याच्यावर बसवायचं ते आणा. मग दुसऱ्या खेपेला मी पुढचं चाक, टायरसकट, पोत्यात घालून रेल्वेने नेलं. डब्यातल्या एका बाईंनी पोत्यात काय म्हणून विचारलं, सांगितल्यावर सरकून बसल्या.

पत्रा १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. पहिल्या प्रयत्नात कड वळवताना तडकला. तेव्हा त्यांनी ती युक्ती केली जी मी फक्त ऐकून होतो: पत्र्यावर साबण चोळला आणि खालून हळूहळू आच दिली. साबण काळा पडला की आच बंद. अॅल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही, लाल होत नाही, ६६० अंशांच्या आसपास एकदम बसतं आणि पत्रा हातचा जातो. त्याआधी किती तापलं हे साबण सांगतो. असा नरम केलेला पत्रा रेतीच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकायचा. ठोकून ठोकून तो पुन्हा कडक होतो, मग पुन्हा साबण, पुन्हा आच. मी पाच वेळा मोजलं.

तारेवरून आमचा थोडा वाद झाला. ते सवयीने लोखंडी तार घालत होते. मी म्हटलं, आमच्याकडे हवापाणी खारं, लोखंड आणि अॅल्युमिनियम ओलीत एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम खाऊन जातं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मंग तुमीच ठोका.” शेवटी मी आणलेली अॅल्युमिनियमची तार घातली. गावच्या लाइनमनने जुन्या तुटक्या तुकड्यांतून दिली होती. दोन्ही कडा सुरेख वळल्या. शेवटी ते गुळगुळीत करायला निघाले तेव्हा मी हात जोडले, मठार राहू द्या. कामात खोट काढायला सांगितल्यासारखं त्यांना वाटलं असावं. पण राहू दिलं.

रंगाची वेळ आली तेव्हा पेंटर मेटॅलिक आणि वर लॅकर म्हणत होता. टाकीला साधा सिंथेटिक इनॅमल मरून मारला, पाटीला हिरवा, आकडा ब्रशने. मडगाटाला काहीच नाही, उघडं अॅल्युमिनियम. फोटोत तसंच आहे.

मृग लागला, दुसऱ्या पावसानंतर मी गाडी पांदणीत घातली. टायर आणि मडगाटात पाच इंच फट. पुढचं चाक फिरत राहिलं, माती उडत राहिली, मडगाटाखाली चिकटून गळत राहिली. मागचं चाक मात्र तीनशे पावलांवर जाम. मागे फट कंपनीचीच आहे, फोटोतही. काकाजींनीही तिथेच बसून पान्ह्याने माती कोरली असणार. मीही कोरली.

अंगणात गाडी धुवायला लावली तेव्हा काकू ओसरीवरून उतरली. इतके महिने तिने गाडीकडे नीट पाहिलं नव्हतं. पुढच्या मडगाटावर हात फिरवला, कडेखाली बोटं घातली, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडच्या कडेखाली.

“इकडची कड कायले वळवली?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“इकडून कड नव्हती. हा माह्या रुखवतातला गंज व्हय. जर्मनचा. तुह्या काकाजीनं वरचा काठ कापून नेला थ्याचा. वर्षभर बोलली नाई मी त्यायच्यासंग.”

मी धुण्याचा पाइप बंद केला. गंजाचा, म्हणजे त्या अॅल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्याचा, वरचा काठ. गोलाई आयतीच, एका बाजूला तार भरलेली कड आयती, दुसऱ्या बाजूला नुसता कापलेला पत्रा. आणि फोटोत गाडी तिरपी, एकच बाजू दिसणारी.

“काकू, मी दोनदा भंडाऱ्याला गेलो. तू सांगितलं नाहीस?”

“तुनं इचारलं कवा?”

मग मी कोठ्यात गेलो. कोंबड्यांचं पाणी ओतून टाकलं आणि ते पसरट भांडं उपडं केलं. कातरीने कापलेली, हाताने आत मुडपलेली कड. अंगावर मठाराचे ठसे. टेप लावला: आरपार २७ इंच. नवं मडगाट त्यावर धरून पाहिलं, गोलाईत बोटभराचा फरक.

“बुडाले हात लावू नको सांगतो,” मागून काकू म्हणाली. “झाकन गेलं, काठ गेला. कोंबड्याइचं पानी कशात ठेवू?”